पार्श्वभूमी : बेसबॉल खेळाडूच्या ‘नाही’ला किंमत आली कधी?

वर्षानुवर्षे संघाचा चेहरा असलेला खेळाडू अचानक दुसऱ्या क्लबला देऊन टाकला की अमेरिकेतले बेसबॉलप्रेमी मालकावर तुटून पडतात. त्या खेळाडूला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र फार उशिरा पुढे आला.

१८७९ मध्ये मालकांनी आपापसात ठरवून खेळाडू राखून ठेवायला सुरुवात केली. पुढे ते करारातलं कलमच झालं. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच. पटत नसेल तर खेळ सोडा. याच रिवाजात बोस्टन रेड सॉक्सने बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला विकलं आणि ५ जानेवारी १९२० ला ते जाहीर झालं. बोस्टनला त्यानंतरचं जगज्जेतेपद थेट २००४ मध्ये मिळालं.

या रिवाजाला भिडला तो कर्ट फ्लड. सेंट लुइस कार्डिनल्सकडून १२ हंगाम, २ जगज्जेतेपदं, उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठी सलग ७ गोल्ड ग्लोव्ह. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला कळवण्यात आलं की तू आता फिलाडेल्फियाचा. फ्लड गेला नाही. डिसेंबरमध्ये त्याने बेसबॉलचा कारभार पाहणारे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं : माझ्या इच्छेला न विचारता खरेदी-विक्री व्हावी, अशी मी मालमत्ता नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्याने गुलामीची भाषा करावी का, असं त्याला टीव्हीवर विचारलं गेलं. चांगला पगार मिळाला तरी गुलाम तो गुलामच, असं तो म्हणाला. कृष्णवर्णीय माणसाच्या तोंडून आलेलं हे उत्तर आजही अंगावर येतं.

फ्लड कोर्टात गेला. १९७० मध्ये खटला उभा राहिला तेव्हा, मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये मोडणारा, आता निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात फिरकला नाही, आणि मला या सगळ्या कहाणीत तेच सर्वात जास्त टोचतं. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. तोवर त्याची कारकीर्दही आटोपली होती. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून जेमतेम १३ सामने खेळून त्याने बॅट खाली ठेवली होती.

पण लगेच १९७३ मध्ये खेळाडू संघटनेने नवा नियम पदरात पाडून घेतला. एकूण १० वर्षं खेळलेला आणि त्यातली शेवटची ५ एकाच क्लबकडे काढलेला खेळाडू अदलाबदल नाकारू शकतो. त्याच डिसेंबरमध्ये शिकागो कब्जचा रॉन सँटो कॅलिफोर्निया एंजल्स या क्लबकडे जायला तयार झाला नाही, आणि क्लबला ते ऐकावं लागलं. अखेर त्याची रवानगी व्हाइट सॉक्सकडे झाली, म्हणजे शिकागोतच.