गाणारा मधोमध दिसला पाहिजे
(नवे स्पीकर घरी नेल्यावर पहिल्या दिवशी वाचायचं पत्रक)

डोळे मिटून गाणं लावलंत, की गाणारी व्यक्ती दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये, समोर बसल्यासारखी वाटली पाहिजे. मध्ये तिसरा स्पीकर नसतो. दोन्हीकडून तोच आवाज एकाच वेळी, सारख्याच जोराने आला की आपला मेंदू तो मधोमध धरतो. हे जमलं नाही की ‘स्पीकर बदलून द्या’ असा फोन येतो. बदलायची असते बहुतेक वेळा जागा.

आधी वायरी बघा. लालला लाल, काळ्याला काळी, दोन्ही स्पीकरना. एकाच स्पीकरची उलटी लागली तरी आवाज येतोच, म्हणून चूक पटकन ध्यानात येत नाही. पण गाणारा मधून नाहीसा होतो आणि बास पातळ पडतो.

मग सुतळी घ्या. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच प्रत्येक स्पीकरपासून तुमच्या डोक्यापर्यंत. डावं-उजवं अंतर मात्र तंतोतंत सारखं हवं. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा तेवढा जवळ असला, की गाणारा थेट त्यातच जाऊन बसतो. म्हणून सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला ही मजा मिळणार नाही, हे आम्ही विकतानाच सांगतो.

ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाज काढणारा छोटा गोल भाग, कानाच्या उंचीला ठेवा. स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका. मागच्या भिंतीपासून निदान हातभर पुढे घ्या आणि तोंडं थोडी आत वळवा. किती, ते ऐकूनच ठरवायचं.

आता आरसा. तुम्ही तुमच्या जागी बसा, दुसऱ्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. जिथे त्यात ट्वीटर दिसेल, तिथून आवाज उसळून तुमच्याकडे येतो. तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट. आपल्या हॉलमध्ये एकीकडे भिंत आणि दुसरीकडे बाल्कनीची काच असते, तेव्हा ऐकताना काचेवरचा पडदा ओढून घ्या. गुळगुळीत फरशीवर सतरंजी. मधल्या मोठ्या टीव्हीवर गोधडी टाकून बघा, घरच्यांची परवानगी असेल तर.

खात्री करायला फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ (दोन्ही स्पीकरना अगदी एकच आवाज) चालू करून एखाद्याचं नुसतं बोलणं लावा. ते मधल्या एका जागेवरून आलं पाहिजे. पसरट किंवा एकीकडे ओढल्यासारखं वाटलं, तर स्पीकर बोटभर हलवून पुन्हा ऐका. महागड्या वायरी आमच्याकडेही आहेत, पण त्या नंतर. आणि मोनो परत बंद करा. हे हमखास विसरतं.

इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी स्टिरिओच्या (डाव्या-उजव्या स्पीकरना वेगवेगळा आवाज देण्याच्या) पेटंटसाठी १९३१ सालीच अर्ज केला होता, तरी १९५०च्या दशकातली आपली सिनेगीतं मोनोच आहेत. ती मधोमधच ऐकू येतील, बाजूंना पसरणार नाहीत.

जागा सापडली की स्टँडच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करा. केर काढताना स्टँड हलतातच.