अमिनो ॲसिडची पावडर कितीही घेतली तरी चालते का?

'अमिनो ॲसिड शरीरातच असतात, म्हणून पावडर कितीही घ्या, अपाय नाही. स्नायूच वाढतील' असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो. पहिला भाग खरा आहे, म्हणूनच बाकीचंही पटतं.

प्रथिनं 20 अमिनो ॲसिडपासून बनतात. त्यांतली 9 प्रौढांना आहारातूनच मिळवावी लागतात, आणि नवा स्नायू घडायला ही सगळी एकाच वेळी हजर लागतात. बीसीएए नावाने विकल्या जाणाऱ्या अमिनो ॲसिड पावडरच्या डब्यात मात्र तीनच असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. डब्यावरची यादी वाचली की हे लगेच कळतं.

जास्तीचं अमिनो ॲसिड शरीर साठवत नाही. यकृत त्यातल्या नायट्रोजनचा युरिया करतं, मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. ही इंद्रियं आधीच दुबळी असतील तर हा भार खरोखर धोक्याचा. फेनिलकीटोन्युरिया (फेनिलअलानिन हे अमिनो ॲसिड शरीराला नीट मोडता न येण्याचा जन्मजात विकार) असलेल्यांना तर फेनिलअलानिन थेट घातक ठरतं.

आपली गरज स्वतः तपासता येते. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोला 48 ग्रॅम. जोरकस व्यायाम करणाऱ्यांना अधिक. आहारातून तेवढी मिळत असतील तर डब्यातून फारसं काही हाती लागत नाही. ज्यांचं जेवणच कमी पडतं, त्यांना मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरकाचा उपयोग होऊ शकतो.