टर्बो गाडीचा सायलेन्सर आणि कोकणची खारी हवा

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ या पट्ट्यातल्या गॅरेजांत हल्ली एक प्रश्न हमखास ऐकू येतो. टर्बो पेट्रोल गाडीला मोठ्या पाइपचा सायलेन्सर बसवला, तर घाटात गाडी जास्त ओढेल का? मेकॅनिक एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा होतो, पण त्या उत्तरामागे सव्वाशे वर्षांची गोष्ट आहे. ती ठाऊक नसली की पैसा नको त्या ठिकाणी जातो. माझं मत आधीच सांगतो: समुद्रकाठच्या गाडीला पाइप किती जाडीचा हे नंतर बघावं, तो कोणत्या धातूचा हे आधी.

टर्बोची कल्पना मोटारीसाठी निघालीच नव्हती. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट मागितलं. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जवळपास एक तृतीयांश ऊर्जा धुराबरोबर बाहेर पडते. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची, एवढंच त्याचं म्हणणं. ते खरं ठरायला वीस वर्षं लागली, आणि ठरलं ते जहाजांवर. १९२०च्या दशकाच्या मध्यावर ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाड्ट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसवले आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० देऊ लागलं. दरम्यान अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली टर्बो लावलेलं विमानाचं इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेऊन चालवून दाखवलं होतं.

ब्युखीचं पुढचं काम आपल्या विषयाला जास्त जवळचं आहे. सिलिंडरमधून धूर एकसारखा वाहत नाही, तो धक्क्याधक्क्याने निघतो, आणि हे धक्के विरून न जाता टर्बाइनपर्यंत, म्हणजे धुराने फिरणाऱ्या चक्रापर्यंत, पोचले तर चक्र जोमाने फिरतं. त्यासाठी त्याने वेगवेगळ्या सिलिंडरांना वेगवेगळ्या अरुंद नळ्या दिल्या. टर्बाइनच्या पलीकडे मात्र हिशोब उलटा होतो. तिथे धुराला जितकी मोकळी वाट, तितकं बरं. टर्बाइनच्या आधी दाब २ बार आणि नंतर १.३ बार असेल, तर दाबाचं गुणोत्तर साधारण दीड पडतं. नंतरचा दाब १.१ वर आणला, तर तेच गुणोत्तर १.८ होतं आणि चक्र लवकर वेग घेतं. टर्बोनंतरच्या पहिल्या पाइपला, म्हणजे डाउनपाइपला, आज एवढा भाव आहे तो या हिशोबामुळे. ‘इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच’ (म्हणजे धुराच्या वाटेत थोडा उलटा दाब हवाच) हे वाक्य नळ्यांच्या लांबीरुंदीवर बेतलेल्या बिनटर्बोच्या इंजिनांच्या काळापासून चालत आलं आहे. टर्बोनंतरच्या पाइपला ते लागू होत नाही.

टर्बो विक्रीच्या मोटारींत आला १९६२ साली, अमेरिकेत. ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरले कोर्व्हेअर मोंझा स्पायडर या दोन गाड्या एकाच वर्षी आल्या. जेटफायरमध्ये दाब आवरायला वेस्टगेट होता, म्हणजे ठरलेल्या दाबानंतर जादा धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर सोडणारी झडप. शिवाय इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. त्याची टाकी मालकाने भरत राहायची होती. पुष्कळांनी ती भरलीच नाही.

कोर्व्हेअरची तऱ्हा वेगळी होती. तिला वेस्टगेटच नव्हता. कार्ब्युरेटरची, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाची, अडचण आणि सायलेन्सरचा उलटा दाब यांच्यावरच टर्बो मर्यादेत राहील, अशी ती रचना. म्हणजे तिथे सायलेन्सर हा इंजिनाच्या सुरक्षेचाच भाग होता, आणि कोणी हौसेने मोकळा पाइप लावला तर दाब वर चढून पिस्टनवर बेतायचं. सायलेन्सर बदलण्यापूर्वी दाब कोण आवरतं ते बघा, हा धडा तेव्हापासूनचा आहे. आजच्या गाडीत वेस्टगेट असतो खरा, पण तो छोटा असेल आणि पाइप एकदम मोकळा केला, तर दाब ठरल्यापेक्षा वर सरकण्याचा प्रकार आजही होतो.

पुढची वर्षं युरोपची: १९७३ला बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, १९७५ला पोर्शे ९११ टर्बो. रोजच्या वापराची टर्बो गाडी ही कल्पना रुजवण्यात मोठा वाटा साब या स्वीडिश कंपनीच्या ९९ टर्बोचा. छोटा टर्बो लावून इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरच ओढ मिळवण्याची तिची वाट आपल्या आजच्या एक लिटरच्या इंजिनांनीही धरली आहे. याच सुमारास, १९७५च्या मॉडेलांपासून, अमेरिकेत बहुतेक गाड्यांच्या पाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तोवर आवाज दाबणं एवढंच सायलेन्सरचं काम होतं. आता त्या पाइपवर धूर स्वच्छ करण्याची जबाबदारीही आली.

कोकणातल्या माणसाला टर्बोची ओळख मोटारीतून झाली नाही. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि तिच्या गाड्या डिझेल इंजिनं ओढत होती. डब्ल्यूडीएम-२ हे त्या काळचं ओळखीचं इंजिन, सोळा सिलिंडरचं, टर्बोचं, २६०० अश्वशक्तीचं. स्टेशनातून गाडी सुटताना चालकाने नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवला की छपरातून काळ्या धुराचा लोट उठायचा, आणि काही क्षणांनी आवाज बदलून धूर पातळ व्हायचा. इंधन आधी पोचलं आणि हवा मागून आली, एवढाच त्याचा अर्थ. धुराचा जोर वाढेपर्यंत चक्र मंदच फिरतं. मोटारवाले ज्याला टर्बो लॅग म्हणतात तो हाच. २०२२ साली हा मार्ग पूर्ण विजेवर गेला आणि ते लोट कमी झाले.

रस्त्यावर टर्बो आला तो डिझेलमधून. १९९८ची टाटा सफारी, २००२ची महिंद्रा स्कॉर्पिओ आणि २००७ची डिझेल स्विफ्ट. स्विफ्टचं १.३ लिटरचं इंजिन ज्यांनी कुंभार्ली घाटात चालवलं आहे त्यांना इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांचा आकडा वेगळा सांगायला नको. वळणावर समोरून एसटी आली, वेग पडला आणि काटा दोन हजारांच्या खाली गेला की गाडी बसायची. तिसऱ्यात ताटकळण्यापेक्षा मुकाट्याने दुसरा टाकायचा. मग दोन हजार ओलांडताच गाडी एकदम उसळायची. पेट्रोल टर्बो सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला त्यानंतर. २०१७ला नेक्सॉन, २०१९ला व्हेन्यू, २०२०ला पोलोचं एक लिटरचं टीएसआय. पाइप बदलण्याची हौस खऱ्या अर्थाने सुरू झाली ती या गाड्यांपासून.

आता धातूकडे येतो, कारण कोकणात खरी लढाई तिथेच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पण घर ते बाजारपेठ एवढ्याच फेऱ्या असतील, तर सायलेन्सरचा मागचा डबा तापतच नाही. पाणी आत साचतं, धुरातल्या वायूंमुळे आम्लधर्मी होतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून खारा वारा आहेच, आणि वर चार महिने तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. साध्या पोलादाचे सायलेन्सर आपल्याकडे सडत आले ते या दुहेरी माऱ्याने. डब्याच्या तळाशी कंपनी एक बारीक भोक ठेवते, ते पाणी निघून जायला. गॅरेजवाला ते ‘लीक’ समजून वेल्डिंगने बुजवतो आणि डबा आणखी लवकर जातो. असं करू देऊ नका.

धातूतला उपाय विसाव्या शतकात सापडला. १९१२-१३च्या सुमारास जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात आणि इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली याच्या हाती न गंजणारं पोलाद आलं. साधारण ११ टक्के क्रोमियमचं ४०९ हे स्वस्त स्टेनलेस मोटारींच्या सायलेन्सरमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरलं जाऊ लागलं ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या काळात. आजच्या बहुतेक गाड्यांचा मूळ पाइप याच जातीचा असतो. त्यावर तांबूस थर चढतो, पण तो लगेच आरपार जात नाही. हौशी सायलेन्सरवाले वापरतात ते ३०४, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. खाऱ्या हवेत त्यालाही डाग पडतात, तरी ते वर्षानुवर्षं टिकतं.

ग्राहक फसतो तो इथे. स्टेनलेस म्हणून पुष्कळदा २०२ गळ्यात मारलं जातं. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. चमक तीच, भाव कमी. किनाऱ्यावरच्या बंगल्यांच्या कठड्यांवर दोन पावसाळ्यांत जे तपकिरी ठिपके येतात ते बहुधा याच धातूवर. ‘लोहचुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४’ हा गॅरेजमधला पुरावा खोटा, कारण २०२लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी आणि मँगनीज ओळखणाऱ्या द्रावणाचा थेंब टाकून दाखवायला सांगावं.

कायद्याचा भाग थोडक्यात. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. पेट्रोलमधल्या शिशामुळे तो निकामी होतो, आणि शिसेविरहित पेट्रोल देशभर पोचलं २००० साली. १ एप्रिल २०२०ला बीएस-६ हे धुराचे आणखी कडक निकष आले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला २०१९च्या दुरुस्तीनंतर दहा हजारांपर्यंत दंड आहे. गणपतीत रात्री अकरा वाजता वाडीतल्या अरुंद रस्त्याने फटफट आवाज करत जाणाऱ्या गाडीबद्दल मला तरी जराही सहानुभूती नाही. आवाज म्हणजे ताकद नव्हे.

बऱ्याच नव्या इंजिनांत कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टर्बोला चिकटूनच असतो, म्हणजे डाउनपाइप बदलणं म्हणजे कॅटच बदलणं. त्याच्या आधी एक आणि नंतर एक ऑक्सिजन सेन्सर असतो. दोन्हींचं वाचन सारखं येऊ लागलं की इसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा गाडीतला संगणक, पी०४२० हा दोषाचा कोड टाकतो आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. शिवाय आजचा इसीयू किती ओढ द्यायची ते स्वतः ठरवतो. पाइप मोकळा झाला तर तो वेस्टगेट जास्त उघडून पूर्वीइतकीच ओढ ठेवतो, त्यामुळे रीमॅप, म्हणजे इसीयूतल्या आज्ञांची फेरमांडणी, केल्याशिवाय नुसत्या पाइपने फारसं काही हाती लागत नाही. आणि रीमॅप केला की कंपनीची वॉरंटी पणाला लागते.

म्हणून पावसाळ्याआधी गाडी रॅम्पवर चढवून फ्लँज, म्हणजे पाइप जोडणाऱ्या चकत्या, त्यांमधलं पॅकिंग, लवचिक जाळीचा तुकडा आणि टांगणीची रबरं आधी बघावीत. टर्बो गाडीचं ‘पिकअप गेलं’ म्हणतात तेव्हा दोष कधीकधी टर्बोच्या अलीकडच्या फुटलेल्या पॅकिंगमध्ये असतो, कारण चक्र फिरवणारा धूर तिथूनच निसटतो. मूळ डबा सडलाच असेल, तर कॅट आणि सेन्सर जागच्या जागी ठेवून त्यांच्या मागचा भाग ३०४चा करावा. व्यास कंपनीचा किंवा किंचित मोठा, बेंड मशीनवर काढलेले म्हणजे वळणावर नळी चेपत नाही, जोड आर्गॉन वेल्डिंगचे आणि आवाज मूळ गाडीइतकाच.