मोठे टायर आणि स्पीडोमीटरचे अंशशोधन

ट्रक किंवा पिकअपला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवल्यावर स्पीडोमीटर गाडीच्या खऱ्या वेगाशी पुन्हा जुळवून घेण्याचे काम. स्पीडोमीटर वेग मोजतो असे आपण म्हणतो, पण तो मोजतो फक्त फेऱ्या. एका फेरीत गाडी किती पुढे सरकते, हा आकडा कारखान्यातच ठरवून दिलेला असतो. मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, मीटरला मात्र त्याचा पत्ता नसतो. म्हणून काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो आणि ओडोमीटरवर, म्हणजे एकूण कापलेले अंतर दाखवणाऱ्या मीटरवर, किलोमीटरही कमी पडतात.

फरक किती पडेल याचा अंदाज टायरच्या कडेवर लिहिलेल्या मापावरून येतो. २६५/७० आर १७ म्हणजे रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १७ इंचांची. या टायरचा व्यास सुमारे ८०३ मिमी भरतो. २८५/७० आर १७ चा ८३१ मिमी, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. त्याच गाडीला ३५ इंची, ८८९ मिमी व्यासाचे टायर चढवले तर काटा १०० वर असताना गाडी जवळजवळ १११ च्या वेगाने धावत असते.

हे गणित कागदावरचे आहे. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे एका फेरीतले खरे अंतर व्यासावरून काढलेल्या परिघापेक्षा थोडे कमी भरते. झीजही धरावी लागते: नक्षी ८ मिमी झिजली की व्यास १६ मिमीने घटतो, म्हणजे वरच्या मापाच्या टायरात दोन टक्क्यांचा फरक. त्यामुळे हवा योग्य दाबाने भरून टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी सरळ रेषेत काही फेऱ्या ढकलावी आणि कापलेले अंतर टेपने मोजून फेऱ्यांनी भागावे. जीपीएसचा वेग सपाट, सरळ रस्त्यावर एकसारख्या गतीने चालताना पाहावा. तेही नसेल तर किलोमीटरचे दगड आणि घड्याळ पुरते. ताशी ९० च्या वेगाने एक किलोमीटरला ४० सेकंद लागतात.

मुळातला मीटर अचूक असतो असेही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त मात्र खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ४ किमी इतका दाखवला तरी चालतो. खरा वेग ८० असताना काटा ९२ वर असला तरी तो नियमातच बसतो. म्हणून कारखान्यातले मीटर सहसा थोडे पुढेच असतात, आणि टायर एखाद्या मापानेच वाढवला तर काटा उलट खऱ्याच्या जवळ येऊ शकतो. अशा वेळी आधी तपासावे. केवळ गणितावरून मीटर बदलायला धावू नये.

केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये दुरुस्ती दातांची असते. गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरचे चक्र केबलच्या टोकाचे लहान, बहुधा प्लास्टिकचे चक्र फिरवते. केबल जास्त फिरायला हवी म्हणून हे लहान चक्र कमी दातांचे बसवतात. टायर ११ टक्क्यांनी वाढला तर २० दातांच्या जागी १८. अर्धा दात मिळत नाही, त्यामुळे थोडी चूक उरतेच.

नव्या गाड्यांत सेन्सरच्या स्पंदनांवरून संगणक वेग काढतो. निदान-जोडणीला (गाडीतला बिघाड तपासण्याच्या सॉकेटला) उपकरण लावून त्यात टायरचे माप बदलता येते. नाहीतर सेन्सरच्या तारेत स्पंदनांचे प्रमाण बदलणारा छोटा डबा जोडतात. पहिला मार्ग चांगला, कारण ऑटोमॅटिक गिअर कधी बदलायचा हेही संगणक याच वेगावरून ठरवतो.

सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर डिफरन्शियलच्या प्रमाणाचाही, म्हणजे चाकांच्या एका फेरीसाठी गिअरबॉक्समधून येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो याचाही, परिणाम होतो. ३५ इंची टायरबरोबर ३.७३ च्या जागी ४.१० चे गिअर घातले तर मीटर जवळपास आपोआप जुळतो. सेन्सर चाकावर असेल तर मात्र गिअर बदलून काट्यात काहीच फरक पडत नाही.

युरोपीय संघात टॅकोग्राफ (वेग, अंतर आणि चालकाच्या कामाच्या वेळेची नोंद ठेवणारे यंत्र) असलेल्या अवजड ट्रकांचे टायर बदलून परिघ बदलला की मान्यताप्राप्त कार्यशाळेतून टॅकोग्राफची नव्याने तपासणी करून घ्यावी लागते. एरवी ही तपासणी दोन वर्षांतून एकदा होते.

अंशशोधनामुळे पुढचे किलोमीटर बरोबर पडू लागतात, पण मधल्या काळात न मोजलेले अंतर ओडोमीटरवर परत येत नाही. ३५ इंची टायरवर १०,००० चा आकडा उमटेपर्यंत गाडी ११,००० च्या पुढे गेलेली असते. तेल बदलण्याची वेळ ठरवताना आणि इंधनाचा हिशेब करताना हा फरक धरावा लागतो. टायर बदलल्यावर ॲव्हरेज एकदम पडल्यासारखे वाटते, त्यातला काही भाग निव्वळ मीटरचा असतो.