दुसऱ्या वेताची आठवण

"पहिलारू नगं, दुसऱ्या वेताची बघ." म्हैस घ्यायला निघालेल्या माणसाला वाळवा तालुक्यातले आमचे तात्या एवढंच सांगतात. पहिलारूचं अंग अजून भरायचं असतं, म्हणून ती दूध कमी देते, हे उघड कारण. पण कासेतल्या पेशींनाच पहिलं वेत आठवत असेल का? उंदरांपुरतं उत्तर मिळालंय: आठवतं.

कधीच न व्यालेल्या उंदरिणीची दूधग्रंथी म्हणजे चरबीच्या गादीत पसरलेल्या नळ्या. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर तासगावची द्राक्षबाग दिसते तशी, नुसत्या काड्या. गर्भ राहिला की वीसेक दिवसांत त्यांना घड लागतात. घडातला एकेक मणी म्हणजे दुधाची पिशवी: आत दूध बनवणाऱ्या पेशी, बाहेरून आवळणाऱ्या पेशींची जाळी. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आलं की जाळी आवळते आणि पान्हा फुटतो. दूध सुरू होताना दूध बनवणाऱ्या बऱ्याच पेशींत चक्क दोन-दोन केंद्रकं होतात, हे मेलबर्नच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं.

पिल्लं तुटली की दूध साचतं, पेशी मरू लागतात आणि जिवंत शेजारणी मेलेल्यांना गिळून टाकतात. पहिल्या दोन दिवसांत पिल्लं परत लावली तर ग्रंथी सावरते, पुढे नाही. काही आठवड्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा जवळपास त्याच उघड्या काड्या.

खरी गंमत इथून पुढे. काडी कोरडी दिसली तरी तिच्या डोळ्यात घड आधीच ठरलेला असतो, हे बागायतदाराला सांगावं लागत नाही. तसंच काहीसं इथे होतं. शरीरातल्या सगळ्या पेशींत डीएनए एकच. फरक कुठलं जनुक उघडं आणि कुठलं मिटलेलं, एवढाच. मिटवण्याची एक रीत म्हणजे डीएनएतल्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइलची, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनची, टोपी चढवणं. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतल्या कमिला दोस सान्तोस आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये न व्यालेल्या आणि व्यालेल्या उंदरिणींच्या पेशींतल्या टोप्या ताडून पाहिल्या. व्यालेल्यांत ठिकठिकाणच्या टोप्या उडाल्या होत्या, आणि त्यातल्या पुष्कळ जागा स्टॅट-5 या प्रथिनाच्या बैठकीच्या निघाल्या. दूध बनवायला सांगणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक पेशीच्या दारावर बसतं, दारामागचं जॅक-2 हे विकर स्टॅट-5 वर फॉस्फेट चिकटवतं, मग स्टॅट-5 च्या जोड्या जमून केंद्रकात शिरतात आणि केसीनसारख्या दुधातल्या प्रथिनांची जनुकं चालू करतात. बैठक आधीच मोकळी असेल तर दुसऱ्या खेपेला ग्रंथी लवकर कामाला लागते. उंदरिणींत तसंच दिसलं.

हे म्हशीला जसंच्या तसं लावून कुणी 'पेशी जाग्या करणारी' पावडर विकायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि म्हैस एकाएकी आटली तर शिंगाला बिब्बा बांधण्याआधी धारेच्या वेळा चुकल्यात का, कास दगडी झालीय का, ते बघा.

तात्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चरवी विसळली आणि म्हणाले, "आरं, दर येताला टोप्या उडत असत्याल तर धाव्या येताला म्हशीनं टँकर भराय पायजे की."