मुखपृष्ठावर नाव कोणाचे? अ‍ॅनिमे गीतांची पार्श्वभूमी

मालिकेतील पात्राला जिचा आवाज आहे तिनेच शीर्षकगीतही गावे, हे जपानी अ‍ॅनिमेच्या, म्हणजे तिथल्या कार्टून मालिका-चित्रपटांच्या, प्रेक्षकांना आज इतके स्वाभाविक वाटते की ही प्रथा आरंभापासूनचीच असावी असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १९६३ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’चे गीत मुलांच्या गायकवृंदाने गायिले होते आणि सत्तरच्या दशकात हे काम अशाच गाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या मोजक्या गायक-गायिकांकडे गेले. १९७६ च्या ‘कँडी कँडी’ मालिकेत कँडीचे बोलणे एकीचे होते आणि अफाट खपलेले शीर्षकगीत दुसरीचे. त्या गायिकेने पुढे स्वतःही आवाज देण्याची कामे केली, परंतु तोवर तिची ओळख गायिका म्हणून पक्की झाली होती.

या दोन व्यवसायांमधील भिंतीला पहिली ठळक भेग पाडली ती ‘माक्रोस’ने. १९८२ च्या या मालिकेत गाणे हे कथेतीलच एक शस्त्र असल्यामुळे तरुण गायिकेचे पात्र बोलणार आणि गाणार एकाच आवाजात, असे ठरले. १९८४ च्या चित्रपटातील तिचे गीत साप्ताहिक विक्रीयादीत पहिल्या दहांत पोहोचले. मात्र त्या पात्राला आवाज देणारी मुळात संगीतकार-गायिका होती, आणि त्या एका पात्राची सावली पुढे अनेक वर्षे तिच्या मागे राहिली.

नव्वदच्या दशकाविषयी दोनच गोष्टी सांगणे पुरेसे आहे. रेकॉर्ड कंपन्यांनी आपल्या रॉक आणि पॉप कलावंतांची गाणी मालिकांना जोडण्याचा सपाटा लावला. १९९६ साली ‘रुरोनी केनशिन’ला जोडलेले एका रॉक बँडचे गाणे यादीत अव्वल ठरले, पण तलवारबाजाच्या त्या कथेशी त्याच्या शब्दांचा काडीचाही संबंध नव्हता. त्याच काळात ‘स्लेयर्स’मधील जादूगारणीला आवाज देणाऱ्या, परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या अभिनेत्रीने त्या मालिकेची गीते स्वतःच्या नावावर गाऊन पहिल्या दहांत नेली. कथेतले गाणे कथेतल्याच आवाजात ऐकण्याची ओढ प्रेक्षकांत होती, आणि तिची किंमत कंपन्यांना यातून समजली. (आपल्याकडे तेव्हा दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ या जपानी मालिकेतला मोगली हिंदी शीर्षकगीतासह दिसत होता, त्यामुळे मूळ जपानी गाणी कानावर पडण्याचा प्रश्नच नव्हता.)

खरी उलथापालथ २००४ नंतरच्या सहा वर्षांत झाली, आणि तिच्या मध्यभागी एहिमे प्रांतातील निइहामा येथून एन्का गायिका होण्यासाठी तोक्योला आलेली नाना मिझुकी ही मुलगी आहे. एन्का हा जपानचा जुन्या वळणाचा, विरहाने भिजलेला गीतप्रकार. लहानपणापासून त्यावर घोटलेल्या या गळ्याला एन्काचे दार काही उघडले नाही. १९९८ मध्ये तिने आवाज देण्याच्या कामाला सुरुवात केली आणि २००० च्या डिसेंबरात तिचे पहिले एकल गीत (सिंगल, म्हणजे अल्बमबाहेर स्वतंत्रपणे विकले जाणारे गाणे) निघाले. ‘लिरिकल नानोहा’ या मालिकेत नायिकेची भूमिका तिच्याकडे नव्हती. तिने आवाज दिला तो आधी प्रतिस्पर्धी आणि मग मैत्रीण होणाऱ्या फेट या पात्राला. तरीही आरंभीचे गीत तिच्याकडे आले आणि शेवटचे गीत नायिकेच्या अभिनेत्रीकडे. ही वाटणी मालिकेच्या पुढच्या पर्वातही टिकली.

त्याच पुढच्या पर्वासाठी, २००५ च्या ऑक्टोबरात, ‘इटर्नल ब्लेझ’ हे तिचे आरंभीचे गीत आले. मालिकेच्या आरंभी गाण्याला मिळतात ती जेमतेम नव्वद सेकंदे, त्यामुळे एक कडवे आणि धृपद यांतच सगळा जीव ओतावा लागतो. येथे सुरुवातीलाच एक उंच, लांबवलेली ओळ येते, मागोमाग व्हायोलिन आणि गिटार यांचा वेगवान भडिमार सुरू होतो, आणि त्या गदारोळातही ओळीच्या शेवटी सुराला दिलेली एन्काची मुरकी स्पष्ट ऐकू येते. शब्द तिचेच होते. गाणे यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

पुढचा टप्पा वादाचा आहे. २००९ च्या जूनमध्ये तिचा ‘अल्टिमेट डायमंड’ हा अल्बम साप्ताहिक यादीत पहिला आला, तेव्हा आवाज देणाऱ्या कलावंताचा पहिलाच अव्वल अल्बम अशी त्याची नोंद झाली. अवघ्या काही आठवड्यांत ‘के-ऑन’ या शाळकरी बँडच्या मालिकेचा लघुअल्बमही अव्वल ठरला. तो अभिनेत्रींनीच गायिलेला होता, परंतु मुखपृष्ठावर कथेतील काल्पनिक बँडचे नाव असल्यामुळे अ‍ॅनिमे पात्रांचा पहिलाच अव्वल अल्बम अशी त्याची स्वतंत्र नोंद झाली. एकल गीतांच्या यादीत हेच पुन्हा घडले. २०१० च्या जानेवारीत ‘नानोहा’च्या चित्रपटाचे ‘फँटम माइंड्स’ पहिले आले आणि विक्रम अभिनेत्रीच्या नावावर लागला. एप्रिलअखेर आलेल्या ‘के-ऑन’च्या दोन गीतांनी पहिला आणि दुसरा क्रमांक एकाच आठवड्यात पटकावला, आणि तो विक्रम पात्रांच्या खात्यात गेला.

एकाच व्यवसायातील गळ्यांचे यश असे दोन खात्यांत मांडणे कितपत योग्य, यावर चाहत्यांत तेव्हा बरीच हमरीतुमरी झाली. पात्राच्या नावाने खपणाऱ्या गाण्यामागे मालिकेची सगळी लोकप्रियता उभी असते, तर स्वतःच्या नावाने गाणारीला ती दरवेळी नव्याने मिळवावी लागते, म्हणून दोन्ही यशे एका मापाने मोजू नयेत, असा एक पक्ष होता. दुसरा पक्ष विचारी की ‘फँटम माइंड्स’ तरी ‘नानोहा’च्या चाहत्यांवाचून कसे अव्वल ठरले असते? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर पहिल्या पक्षाकडे नव्हते. तरीही एक फरक दुर्लक्षिता येत नाही. पात्राचे गाणे सहसा मालिकेच्या व्यवहाराशी बांधलेले असते आणि मालिका संपली की बहुधा मागे पडते. स्वतःच्या नावावरचे गाणे मात्र गायिकेबरोबर मैफलीतून मैफलीत जाते. वेगळी नोंद ‘के-ऑन’च्या अभिनेत्रींवर थोडी अन्याय करणारी होती, हे मान्य करूनही ती ठेवणे सयुक्तिक होते असेच म्हणावे लागते.

२००९ च्या ३१ डिसेंबरला वर्षअखेरच्या ‘कोहाकु’ गीतमहोत्सवात मिझुकीने ‘शिनाइ’ गायिले. आवाज देणारी कलावंत म्हणून नावारूपाला आलेली गायिका त्या मंचावर प्रथमच उभी होती. २०१४ पर्यंत सलग सहा वर्षे तिला बोलावणे आले. २०११ च्या डिसेंबरात तोक्यो डोममध्ये दोन दिवस आणि २०१६ मध्ये कोशिएनच्या बेसबॉल मैदानावर तिच्या मैफली झाल्या. एन्काने नाकारलेल्या गळ्याचा हा प्रवास विक्रीच्या आकड्यांपेक्षा अधिक बोलका आहे.

२०१२ च्या ‘सिंफोगिअर’ने दोन्ही खाती एकाच मालिकेत आणली. त्यातील नायिका गात गात लढतात. मिझुकीने आवाज दिलेली त्सुबासा कथेतही गायिकाच आहे, त्यामुळे लढाईची गीते पात्राच्या नावावर निघाली आणि आरंभीचे गीत तिच्या स्वतःच्या. ‘माक्रोस फ्रंटियर’ने मात्र २००८ मध्येच उलट वाट धरली होती. तिथे दोन गायिका-पात्रांपैकी एकीचे बोलणे अभिनेत्रीचे आणि गाणे चक्क पार्श्वगायिकेचे होते.

त्यानंतर पारडे पात्रांकडेच झुकत गेले आहे. २०१५ च्या ‘कोहाकु’मध्ये ‘लव्ह लाइव्ह’ मालिकेच्या नऊ अभिनेत्री पात्रांच्या पोशाखात नाचल्या, आणि २०२२ अखेरीस आलेला ‘बोच्ची द रॉक’ या मालिकेतील काल्पनिक बँडचा अल्बम पुढच्या वर्षीच्या डाउनलोड-विक्रीच्या वार्षिक यादीत अव्वल ठरला. त्याच्या मुखपृष्ठावर बँडचेच नाव आहे, आणि बहुतेक गाणी मात्र एकाच अभिनेत्रीने गायिली आहेत.