राकसकोपचं पाणी उतरतं तेव्हा

मार्च उजाडला की बेळगावात एक चौकशी ठरलेली: शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची पातळी किती फूट उतरली? नळ आता किती दिवसांआड येणार, या काळजीत आपण असतो. नेमक्या त्याच दिवसांत उघड्या पडलेल्या ओल्या गाळावर पाहुण्यांची पंगत बसते. राकसकोप असो, हिडकल असो की धुपदाळ, अशा जलाशयांच्या काठांवर चिखल्या, तुतारी, पाणटिवळे असे स्थलांतरित पक्षी उतरतात.

त्यांतला टिलवा चिमणीएवढा, वजन २५ ग्रॅमच्या आसपास. घरटं सैबेरियाच्या पार उत्तरेला, हिवाळा मात्र आपल्याकडे. (टिटवी इथलीच. तिला पाहुणी समजू नका.) परत निघण्याआधी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवावी लागते, कारण वाटेत तेच इंधन. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत, कुठेही न उतरता, १३,५६० किलोमीटर उडालं. या जातीत उड्डाणाआधी आतडी, जठर आकसतात. बिनकामाचं ओझं कशाला न्यायचं!

टिलव्याचे पाय आखूड, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरहून खोल पाणी त्याच्या उपयोगाचं नाही. पाणी हळूहळू उतरलं तर रोज नवी ओली पट्टी उघडी पडते आणि त्यातल्या अळ्या चोचीला लागतात. झपाट्याने उतरलं तर गाळ वाळून टणक होतो, चोच शिरतच नाही.

आता तलावांचं सुशोभीकरण घ्या. गाळ काढून तळ खोल करायचा, काठाला दगडी पिचिंग म्हणजे दगडांचं अस्तर, वर फिरायला ट्रॅक आणि रंगीत दिवे. पाणी भरपूर दिसतं, फोटोही झकास येतात, पण उथळ काठ संपलेला असतो. तिथे पाणकावळा पोहेल, टिलवा उतरणार नाही. माझ्या मते हे नुकसान शिकारीपेक्षाही वाईट. शिकार निदान चोरून होते, याचं उद्घाटन होतं. पिचिंग बांधाच्या बाजूला करा आणि उताराची एक बाजू तशीच चिखलाची सोडा. खर्च उलट वाचेल.

गाळपेर करणाऱ्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेणाऱ्या शेतकऱ्याशी भांडण नाही. पाण्यालगतची काही पावलं जागा मोकळी राहिली आणि तिथे कीटकनाशक फवारलं नाही, तरी पुरे. औषधाने चिलटांच्या अळ्या मरतात, आणि तीच तर या पक्ष्यांची भाकरी. रविवारी गाळात गाड्या घालणाऱ्यांबद्दल मात्र माझ्याकडे चांगले शब्द नाहीत. थवा दर वेळी उठतो तेव्हा साठवलेली चरबी जळते. मोकाट कुत्र्यांमुळेही तेच होतं.

२०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत १६ जातींच्या अशा किनारी पक्ष्यांना आधीपेक्षा गंभीर वर्गात टाकलं. बाकदार चोचीची तुतारी त्यांत आहे. अशी घसरण कळते ती वर्षानुवर्षांच्या मोजणीतून. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि तिच्यात हौशी माणसंही भाग घेतात. दुर्बीण, वही आणि सकाळचे दोन तास लागतात. सूर्य पाठीशी ठेवून बसा आणि थवा उठणार नाही इतकं अंतर राखा. टिलवे एका जागी थांबत नाहीत, म्हणून आधी दहा मोजा आणि तेवढा घोळका किती वेळा दिसतो ते बघा.